कामाची कैफियत

उन्हाळा उतरणीला लागून परीक्षांचे निकाल बाहेर पडू लागले, म्हणजे बदलापूर गावातील आमच्या ओटीवर दिवेलागणीच्या सुमारास एखादा मुलगा किंवा मुलगी प्लॅस्टिकच्या फायलीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन येते, पायरीशी चपला काढते आणि "काका, एवढा रिझ्युमे बघून देता का?" असे विचारून भिंतीशी बसते. अंबरनाथ पट्ट्यातील एका कारखान्याच्या कामगार खात्यात माझ्या नोकरीची सारी वर्षे लोकांचे अर्ज वाचण्यात, त्यांची छाननी करण्यात आणि मुलाखतीस बोलावण्याजोग्या उमेदवारांची यादी साहेबांपुढे ठेवण्यात गेली, हे आळीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही मुले माझ्याकडे येतात. आणि त्यांचा तो कागद हाती घेतला की दर वेळी मनाला एकच व्यथा होते, ती ही की, समोर बसलेल्या माणसाचा त्या कागदात कोठेही ठावठिकाणा नसतो.

कागद बहुधा स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार झालेला असतो. दुकानदाराच्या संगणकात एक नमुना ठेवलेला असतो, आणि नाव, पत्ता, जन्मतारीख व गुणांची टक्केवारी एवढे बदलून तोच नमुना दिवसभर छापून निघत राहतो. आरंभी ध्येयाविषयीचे एक भारदस्त इंग्रजी वाक्य, ज्याचा अर्थ विचारला असता मुलाची मान खाली जाते. मध्ये परीक्षांचा तक्ता. त्याखाली मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, सर्वांशी मिळूनमिसळून काम करणारा अशी विशेषणांची माळ. मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद. आणि अखेरीस वरील मजकूर सत्य असल्याची ग्वाही व सही. एका संध्याकाळी योगायोगाने आलेले असे तीन कागद मी नावांवर हात ठेवून शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांतला आपला कोणता हे त्या तिघांपैकी एकालाही खात्रीने सांगता आले नाही. ज्या कागदात लिहिणारा स्वतःलाच ओळखू शकत नाही, त्या कागदावरून परक्या कचेरीतल्या अनोळखी मनुष्याने त्याला ओळखावे, ही अपेक्षा कशी पुरी व्हावी?

मालकाच्या नजरेत भरेल असे परिचयपत्र कसे लिहावे, याविषयीच्या उपदेशाचा आज सुकाळ आहे. अक्षराचे वळण कोणते असावे, समासाला रंग द्यावा की नाही, छायाचित्र डाव्या कोपऱ्यात शोभते की उजव्या, याची चर्चा पुष्कळ होते. हजारो अर्ज ज्याच्या नजरेखालून गेले अशा एका जुन्या कारकुनाचा अनुभव मात्र असा आहे की, एखादा कागद इतरांतून उठून दिसतो तो त्यातील कामाच्या खऱ्या, तपशीलवार आणि पडताळून पाहता येईल अशा हकिकतीमुळे. आणि ही हकीकत सांगण्याची सवय आपण आपल्या मुलांना कधी लावलीच नाही, हा दोष त्या मुलांच्या पदरी घालण्याआधी आपण वडीलधाऱ्यांनी तो स्वतःकडे घेतला पाहिजे.

या दोषाचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या सामाजिक रिवाजात सापडते. मराठी घरात 'बायोडाटा' हा शब्द नोकरीच्या आधी लग्नाच्या बैठकीत ऐकू येतो. त्या कागदात जन्मवेळ, गोत्र, कुलदैवत, उंची, वर्ण, वडिलांचा हुद्दा, मामांचे गाव आणि स्थावर मालमत्ता यांचा तपशील असतो. म्हणजे मनुष्य कोणाच्या पोटी जन्मला हे त्यात सांगितलेले असते, त्याने स्वतः काय केले याला तेथे फारशी जागा नसते. नोकरीचा कागद लिहितानाही तेच वळण हाताला पडते, आणि वडिलांचे नाव, जात, धर्म असा मजकूर आपोआप पुढे येतो. वास्तविक यंत्र चालविण्याच्या, हिशेब ठेवण्याच्या किंवा रुग्णाची शुश्रूषा करण्याच्या कामाशी या मजकुराचा काडीइतकाही संबंध नसतो.

दुसरे कारण आमच्या पिढीने भरलेल्या छापील अर्जांत आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या शिपायांना कामाला लावण्यासाठी सरकारने सेवायोजन कार्यालये उघडली, पुढे ती सर्व नागरिकांना खुली झाली, आणि १९५९ च्या कायद्याने विवक्षित आस्थापनांवर रिकाम्या जागा त्या कार्यालयांना कळविण्याचे बंधन आले. त्या कार्यालयाचे कार्ड जपून ठेवणे आणि मुदतीत त्याचे नूतनीकरण करणे हा आमच्या तारुण्यातला एक नेमच होता. त्या पद्धतीत उमेदवारापुढे रकाने असत आणि त्याने ते भरावयाचे असत. काय विचारावयाचे हे सरकारने ठरविलेले असे, उत्तर तेवढे आपले. आजचे परिचयपत्र हा कोरा कागद आहे. तो काहीच विचारीत नाही. आपल्या आयुष्यातले सांगण्याजोगे काय, हे उमेदवाराने स्वतः ठरवावयाचे असते, आणि रकाने भरण्यात वाढलेल्या आईबापांच्या मुलांना या कोऱ्या कागदाचे भय वाटून ती झेरॉक्सच्या दुकानातील नमुन्याचा आश्रय घेतात, तर त्यात नवल नाही.

तथापि केलेल्या कामाची हकीकत लेखी मांडणे हे मराठी दप्तराला परके होते असे कोणी समजू नये. वतनाचा वाद उभा राहिला की वतनदार आपला करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, सादर करी, कैफियत, म्हणजे आपल्या बाजूचे लेखी निवेदन, लिहून देई, गोतसभेपुढे साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रजी अमलात इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करण्याची पाळी आली, तेव्हा घराघरांतून रुमाल सोडून सनदा धुंडाळाव्या लागल्या. या साऱ्या लेखनात पूर्वजांच्या पुण्याईवर हक्क सांगण्याचा भाग पुष्कळ होता, आणि तो आजच्या काळात त्याज्यच आहे. परंतु त्यातील उत्तम लेखांत एक गुण असा होता, जो आपण गमावला. कारीच्या जेध्यांचा करीना घ्या. अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांपाशी आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, हा प्रसंग त्या करीन्यात आहे. कान्होजी स्वामिनिष्ठ होते असे विशेषण तेथे शंभर वेळा लिहिले असते, तरी वाचणाराच्या मनावर या एका कृतीइतका परिणाम झाला नसता. प्रसंग कोणता, आपण काय केले, त्यात आपले काय पणाला लागले होते, एवढे सांगितले की विशेषण वाचणारा स्वतः पुरवितो.

इटलीतील लिओनार्दो दा विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधारी लुदोव्हिको स्फोर्झा याच्यासाठी रचलेला अर्ज या संदर्भात जगभर सांगितला जातो. लिओनार्दो तिशीचा होता आणि चित्रकार म्हणून त्याचे नाव झालेले होते; पण शत्रूंनी वेढलेल्या राज्यकर्त्याची गरज काय हे ओळखून त्याने हलके, वाहून नेता येणारे पूल, खंदकातले पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा आणि झाकलेले रथ यांविषयी कलमवार लिहिले, चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस केला, आणि यांपैकी काही अशक्य वाटत असेल तर आपण प्रत्यक्ष करून दाखवावयास तयार आहोत, असे कळविले. नोकरी मागणाऱ्या प्रत्येकाने घेण्याजोगे त्यात दोन धडे आहेत: आपल्याजवळ जे पुष्कळ आहे त्यातून समोरच्याला हवे ते आधी सांगावे, आणि सांगितलेल्याची परीक्षा देण्याची तयारी ठेवावी.

आता या तत्त्वाचा आमच्या परिसरात प्रत्यक्ष काय उपयोग होतो ते पाहू. उल्हास नदीच्या काठचा हा टापू हातांना काम देणारा आहे. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीत उल्हासनगर वसले आणि सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी तेथे पापडापासून कापडापर्यंत नाना उद्योग उभे केले. अंबरनाथात धरमसी मोरारजी यांच्या रसायनांच्या कारखान्यापासून संरक्षण खात्याच्या कारखान्यांपर्यंत यंत्रांची घरघर कैक दशके चालली. आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने बारवी धरणाच्या पाण्यावर अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहती पोसल्या. अशा प्रदेशातील तरुणाजवळ सांगण्यासारखे काही नाही, हे संभवतच नाही.

गेल्या वर्षी असाच एक मुलगा माझ्याकडे आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरचा अभ्यासक्रम पुरा करून तो एका कारखान्यात ठेकेदाराच्या पटावर दोन वर्षे काम करीत होता, आणि त्या दोन वर्षांबद्दल त्याच्या कागदावर "प्लांट ऑपरेटर, दोन वर्षे" एवढेच शब्द होते. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटले, "पाळीवर गेल्यापासून घरी येईपर्यंत तू काय करतोस, ते मला सांग."

"काही विशेष नाही, काका. रिअॅक्टरवर असतो."

"रिअॅक्टरवर म्हणजे काय करतोस?"

हळूहळू तो बोलू लागला. आधीच्या पाळीकडून चार्ज घ्यायचा, कच्चा माल वजन करून भरायचा, तापमान आणि दाब पाहून लॉगशीटवर नोंद करायची, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, बॅच उतरवायची, पुढच्या पाळीला चार्ज द्यायचा. किती रिअॅक्टर? दोन. एका पाळीत किती नोंदी? दर अर्ध्या तासाला एक. दोन वर्षांत लॉगशीटवर कोणी शेरा मारला? एकदाही नाही. कधी काही बिघडले होते का, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "एकदा रात्रपाळीला थंड पाण्याचा पंप बंद पडला. तापमान चढायला लागलं. मी वाफ बंद केली, दुसरा पंप चालू केला, शिफ्ट इन्चार्जला बोलावलं आणि तापमान उतरेपर्यंत तिथंच थांबलो. बॅच वाचली." हे तू कागदात का लिहिले नाहीस, असे मी विचारले, तेव्हा त्याचे उत्तर माझ्या काळजाला लागले. "ते तर माझं कामच होतं ना, काका."

या उत्तरात आपल्या श्रमिक समाजाचा सारा विनय आणि सारे दुर्दैव साठलेले आहे. आपले काम नीट करणे यात सांगण्यासारखे काय, ही भावना उदात्त आहे. परंतु जो मालक त्याला ओळखत नाही, ज्याने त्याची रात्रपाळी पाहिलेली नाही, त्याच्यापुढे हा विनय मौनाइतकाच निरुपयोगी ठरतो, आणि त्या मौनाचा लाभ विशेषणांची माळ गुंफणारा दुसराच कोणी घेऊन जातो. आत्मस्तुतीचा आणि साक्षीचा भेद येथे समजून घेतला पाहिजे. मी जबाबदार आहे, असे म्हणणे ही आत्मस्तुती. अमुक प्रसंगी मी अमुक केले, असे सांगणे ही साक्ष. साक्ष देणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला एक वही दिली आणि सारी हकीकत प्रथम मराठीत लिहून आणावयास सांगितले. या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. ज्या भाषेत मनुष्य आपले काम आठवतो त्या भाषेत ते एकदा कागदावर उतरले की मग त्याचे इंग्रजी करणे हे कोणत्याही जाणत्या शिक्षकाच्या मदतीने तासाभराचे काम आहे. परंतु आरंभच उसन्या इंग्रजीत केला, तर शब्दांबरोबर विचारही उसने येतात. तीन दिवसांनी त्याने चार पाने आणली. त्यातून आम्ही एक पान काढले. वरती नाव, चालू असलेला दूरध्वनी क्रमांक आणि ईमेलचा साधा पत्ता; त्याखाली दोन ओळींत तो कोणते काम करतो आणि कोणते काम मागतो ते; मग सर्वांत अलीकडचे काम आधी, या क्रमाने नोकरीची हकीकत, तीत आकडे आणि तो रात्रपाळीचा प्रसंग; मग शिक्षण; आणि अखेरीस त्याला येणारी यंत्रे व मोजमापाची साधने. विशेषणे सारी गळाली. धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद गळाले. ध्येयाचे वाक्यही गळाले, आणि त्याच्याविषयी कोणालाच वाईट वाटले नाही.

तारखांच्या बाबतीत मात्र मी त्याला दोनदा तपासावयास लावले, आणि तसे करताना अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट सांगितली. त्या मंदिराच्या शिलालेखात तिथी, शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आणि कामाचा उल्लेख आहे. तो प्रथम वाचताना डॉ. भाऊ दाजी यांना शकाचा आकडा ७८२ असा लागला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित केला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. पाषाणावरील लेखाचा उलगडा करावयास पंडित पुढे येतात. नोकरीच्या अर्जातील संदिग्ध तारखेचा उलगडा करीत बसावयास कोणाला सवड नसते, तो कागद बाजूला पडतो. मध्ये आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा काम न मिळाल्यामुळे काही महिने रिकामे गेले असतील, तर ते झाकण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळविण्यापेक्षा एका ओळीत खरे कारण लिहावे. छाननी करणारा मनुष्य अशा खरेपणाने बिथरत नाही. जुळवाजुळव मात्र त्याच्या सरावलेल्या डोळ्याला चटकन दिसते.

खरेपणाची हीच गोष्ट गावालाही लागू आहे. बदलापूर हे नाव कसे पडले याविषयी, येथे घोडे बदलले जात म्हणून बदलापूर, अशी एक कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती मनोहर आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. याच गावात १९२७ साली झालेल्या शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते, ही मात्र इतिहासात नोंदलेली घटना आहे, आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे तेच वर्ष होते हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या गावाने तेव्हा दाखविलेल्या औदार्याची किंमत कळते. गावाची ओळख करून देताना मी आख्यायिकेच्या आधी ही घटना सांगतो. माणसानेही आपली ओळख करून देताना ऐकीव कीर्तीच्या आधी घडलेले कृत्य सांगावे.

याच्या उलट मार्ग आज पुष्कळांना मोह घालीत आहे. पैसे मोजले की अनुभवाचा खोटा दाखला मिळतो, न पाहिलेल्या यंत्राचे नाव कागदावर चढविता येते, आणि आता संगणकाला सांगितले की क्षणार्धात गुळगुळीत परिच्छेदही लिहून मिळतो. संगणकाकडून शुद्धलेखन तपासून घेण्यात काही वावगे नाही. पण ज्या वाक्यावर मुलाखतीत दुसरा प्रश्न आला असता आपली वाचा बसेल, ते वाक्य आपले नव्हे असे निश्चित समजावे. मोठ्या आस्थापनांत हल्ली अर्जांची पहिली चाळणी यंत्रच करते; तेव्हा नक्षीचे चौकटी-रकाने टाळून साध्या ओळींत लिहावे, जाहिरातीत कामाला जे नाव दिले असेल ते आपल्याला खरोखर येत असल्यास त्याच नावाने लिहावे, आणि प्रत्येक जागेसाठी त्या जागेपुरता मजकूर पुढेमागे करावा. ठेकेदार दाखला देत नाही म्हणून निराश झालेल्या मुलांना मी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचे पासबुक काढावयास सांगतो; कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कोणी वर्गणी भरली हे त्यात नोंदलेले असते, आणि ती नोंद पुष्कळदा दाखल्याचे काम करते.

पत्त्याचा प्रश्न आमच्यापुढे विशेष आहे. १८५६ साली कल्याणच्या पुढे लोहमार्ग आला तेव्हापासून आमचे भवितव्य रुळांशी बांधलेले आहे. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली होती, आणि त्यातील किती माणसे पहाटेच्या लोकलला लोंबकळत अडुसष्ट किलोमीटरांवरील मुंबई गाठतात हे फलाटावर उभे राहिले की दिसते. इतक्या लांबून वेळेवर याल काय, या प्रश्नाच्या धास्तीने काही मुले दादरच्या मामाचा नाहीतर ठाण्याच्या आत्याचा पत्ता लिहितात. असे करू नये. पहिल्याच ओळीत असत्य लिहून विश्वासाची याचना करणे शोभत नाही. त्यापेक्षा "बदलापूर" असे स्वच्छ लिहावे, आणि आधीच्या नोकरीत हजेरी चांगली असल्यास ती आकड्यांत लिहावी. मात्र मालकांनीही एक गोष्ट मनाशी आणावी: जो मनुष्य रोज तीन तास प्रवास करून कामावर उभा राहतो, त्याच्या निर्धाराचा पुरावा तो पत्ताच आहे. अर्जाची पोच द्यावी, नाकारले तर तसे कळवावे, नोकरी सोडणाऱ्याला त्याच्या कामाचा खरा दाखला विनाविलंब द्यावा, आणि कामाशी संबंध नसलेले जातिधर्माचे रकाने आपल्या छापील नमुन्यांतून काढून टाकावे. एवढी मागणी अर्जदाराच्या बाजूने करण्याचा हक्क मला पुष्कळ अर्ज नाकारून झाल्यावर प्राप्त झाला आहे, असे मी मानतो.

पगाराच्या पटावर न चढणाऱ्या कामाचे काय, हा प्रश्न याहून गंभीर आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या जवानांबरोबर आसपासच्या ग्रामस्थांनीही हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यास हातभार लावला. त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या तरुणांपैकी किती जणांच्या परिचयपत्रात ती ओळ असेल? बचत गटाचे हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणारी बाई आपल्या कागदावर "गृहिणी" एवढेच लिहिते. उल्हासनगरच्या जीन्सच्या कामावर रोजची शिलाई मोजून देणारी मुलगी "अनुभव नाही" असे लिहिते. व्यवहारज्ञान, हिशेब, माणसे सांभाळणे, संकटात डोके शांत ठेवणे, हे सारे ज्या कामांत लागते ती कामे पगाराच्या पटाबाहेर झाली म्हणून ती झालीच नाहीत असे कसे म्हणता येईल? ती तारखेनिशी आणि आकड्यांनिशी लिहावी.

आमच्या गावच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. असे मानांकन मिळवावयाचे तर त्या फळाचा मुलूख कोणता, त्याचे वेगळेपण कशात आहे, त्याचा या मातीशी संबंध काय, याची पुराव्यानिशी मांडणी करून सरकारदरबारी सादर करावी लागते. थोडक्यात, आम्ही जांभळाची कैफियत लिहिली, आणि गोड, रसाळ, टपोरे अशी नुसती विशेषणे पुरत नाहीत हे जाणून लिहिली. जे आम्ही फळासाठी केले ते आमच्या मुलांसाठी करावयास काय हरकत आहे? प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती एक वही द्यावी आणि आठवड्याच्या अखेरीस त्याने काय बनविले, काय बिघडविले, काय दुरुस्त केले हे तीत लिहून घ्यावे. गावातील वाचनालयांनी आणि उत्सव मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा लेखनासाठी राखून निवृत्त कारकून, शिक्षक आणि कारागीर यांना तेथे बसवावे. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक सतरंजी, काही वह्या आणि ऐकून घेणारी चार माणसे लागतात. मनुष्याला आपले काम सांगता येण्यासाठी आधी कोणीतरी ते विचारावे लागते, हे मी रिअॅक्टरवरच्या त्या मुलाकडून शिकलो.

तो मुलगा नवा कागद न्यावयास आला तेव्हा त्याची आईही बरोबर होती. ओटीवर बसून त्याने ते पान मला वाचून दाखविले; रात्रपाळीच्या प्रसंगापाशी त्याचा आवाज किंचित थरथरला, आणि आई आपल्या मुलाकडे अशा नजरेने पाहू लागली की, जणू ती रात्र तिला आजच कळत होती. त्याचे वाचून झाल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पदर सावरून म्हणाली, "भाऊ, मी डबे करते. हा चौथीत होता तेव्हापासून. माझ्या कामाचं असं काही लिहून होईल का?"

मी वहीचे नवे पान उघडले. "होईल, वहिनी," मी म्हटले. "पहिल्या दिवशी किती डबे होते, ते सांगा."